नेट गेलं, पण कुठून गेलं?

‘नेट गेलं’ ही तक्रार घरोघरी त्याच दोन शब्दांत होते, पण तिच्यामागचा बिघाड दर वेळी वेगळा असू शकतो. कधी रस्ता खणताना फायबरची तार तुटलेली असते. कधी तार शाबूत असते, पण संगणकाला राउटरकडून पत्ताच मिळालेला नसतो. कधी पत्ता मिळालेला असतो, पण संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा क्रमांक शोधून देणारी यंत्रणा गप्प असते. कधी सगळे ठीक असते आणि संगणकाचे घड्याळच काही वर्षे मागे गेलेले असते. आणि कधी प्लॅनची मुदत संपलेली असते, एवढेच.

या सगळ्यांवर सांगितला जाणारा उपाय मात्र एकच: राउटर बंद करा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा चालू करा. हा उपाय खोटा नाही. राउटर हाही एक छोटा संगणकच असतो. महिनोन् महिने अखंड चालून त्याची स्मृती भरते, त्याच्या नोंदी अडकतात, आणि बंद करून चालू केल्यावर त्या कोऱ्या होतात. अडचण अशी की नोंदींबरोबर बिघाडाचा मागही पुसला जातो. नेट आले, पण का गेले होते ते कळले नाही, म्हणून चार दिवसांनी तेच पुन्हा होते. घरच्या जोडणीचे निदान अवघड नाही. त्याला क्रम लागतो, आणि त्या क्रमात सर्वांत बोलका साक्षीदार असतो तो संगणकाला त्या घडीला मिळालेला आयपी पत्ता. बटण दाबण्याआधी तो वाचायला हवा.

आधी एक प्रश्न

पहिली तपासणी फुकट आणि दोन मिनिटांची आहे. नेट फक्त या संगणकावरून गेले आहे, की घरातल्या प्रत्येक उपकरणावरून? त्याच वायफायवर फोन चालत असेल तर बाहेरची लाइन, राउटर आणि कंपनी या तिघांवरचा संशय बहुतेक दूर होतो. दोष संगणकाचा किंवा त्याच्या जोडणीचा. काहीच चालत नसेल तर संगणकाच्या सेटिंगमध्ये हात घालण्यात अर्थ नाही.

या तपासणीत एक फसगत नेहमी होते. वायफायला इंटरनेट नाही असे दिसले की फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातो, आणि घरातले म्हणतात, ‘फोनवर तर चालतंय.’ त्यामुळे फोनचा मोबाइल डेटा आधी बंद करावा आणि मगच तपासावे.

दुसरा प्रश्न: सगळेच बंद आहे की एखादेच संकेतस्थळ? ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप जगभर सुमारे सहा तास बंद पडले होते. कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यातल्या चुकीच्या बदलामुळे तिच्याकडे जाणारे मार्गच इंटरनेटवरून नाहीसे झाले होते. त्या संध्याकाळी भारतात व्हॉट्सॲप उघडेना म्हणून घरचा राउटर बंद-चालू करून काही साधणार नव्हते. दुसरे एखादे संकेतस्थळ उघडून पाहिले असते तर ते तेवढ्यावरच कळले असते.

दिवे काय सांगतात

घरी फायबर येते तिथे एक पांढरी किंवा काळी पेटी असते. तिला ओएनटी म्हणतात, पण ग्राहक आणि तंत्रज्ञ दोघेही तिला सरसकट ‘राउटर’ किंवा ‘मोडेम’ म्हणतात. तिच्यावर पॉवर, पॉन, लॉस, लॅन, इंटरनेट अशी नावे असलेले दिवे असतात. यांतला ‘लॉस’ हा दिवा आर्थिक नुकसानीचा नव्हे, प्रकाश हरवल्याचा आहे. तो लाल झाला म्हणजे केसाइतक्या बारीक काचेच्या तंतूतून येणारा प्रकाश पेटीपर्यंत पोहोचत नाही.

घरोघरच्या जीपॉन या पद्धतीत एकाच तंतूतून दोन रंगांचा अदृश्य प्रकाश जातो. कंपनीकडून घराकडे १४९० नॅनोमीटरचा आणि घराकडून कंपनीकडे १३१० नॅनोमीटरचा. वाटेत स्प्लिटर लावून तोच प्रकाश अनेक घरांत वाटला जातो. म्हणून तार तुटली नाही तरी प्रकाश क्षीण होऊ शकतो. कपाट सरकवताना तार काटकोनात दुमडली की वळणावर प्रकाश बाहेर सांडतो. बऱ्याच पेट्यांच्या सेटिंगच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी डीबीएममध्ये दिसते. उणे वीसच्या आसपासचा आकडा निरोगी समजावा. उणे सत्तावीसच्या पलीकडे तो गेला की जोडणी धरसोड करू लागते. पावसाळ्यात आपल्याकडे खांबांवरून आणि झाडांवरून लोंबणाऱ्या तारांची जी गत होते, ती या आकड्यात उतरलेली दिसते.

लॉसचा दिवा लाल असेल तर ग्राहकाने करण्याजोगे फारसे काही उरत नाही. तार कुठे दुमडली आहे का ते पाहावे आणि तक्रार नोंदवावी. हिरव्या टोकाची ती तार उपसून फुंकर मारून परत खोचण्याचा मोह मात्र टाळावा. काचेच्या टोकावर बसलेला धुळीचा एक कणही प्रकाश अडवतो, आणि त्या टोकात डोळा लावून पाहणे धोक्याचे असते.

लॉस विझलेला, पॉन स्थिर हिरवा, पण इंटरनेटचा दिवा लाल किंवा बंद, ही स्थिती वेगळी. प्रकाश येतो आहे, पण कंपनीच्या सर्व्हरने प्रवेश दिलेला नाही. प्लॅन संपला असेल, युजरनेम-पासवर्ड बदलला असेल किंवा कंपनीची यंत्रणाच बंद असेल.

इथेच एक धोक्याची सूचना. पेटीच्या मागे पिनेने दाबायचे एक छोटे भोक असते. ते ‘रीस्टार्ट’ नव्हे, ‘रीसेट’ आहे. पिन दाबून धरली की कंपनीने भरलेले युजरनेम, पासवर्ड आणि इतर मांडणी पुसली जाते. मूळ बिघाड दहा मिनिटांचा असला तरी मग तंत्रज्ञ येईपर्यंत थांबणे आले.

विजेचीही एक गोम आहे. शहरांतल्या अनेक जुन्या इमारतींत स्थानिक केबलवाला गच्चीवर किंवा जिन्याखाली एक स्विच ठेवतो आणि तिथून घराघरांत लॅन केबल टाकतो. घरात इन्व्हर्टरवर राउटर चालू असतो, पण जिन्याखालच्या पेटीची वीज गेलेली असते. थेट घरापर्यंत फायबर असेल तर ही अडचण सहसा येत नाही. तिथे राउटरला आणि पेटीला साजेशा व्होल्टेजचा छोटा यूपीएस पुरतो.

राउटरपासून टेबलापर्यंत

बाहेरची लाइन निर्दोष असेल तर पुढचा टप्पा राउटर ते संगणक. इथे तारेसारखी कसोटी नाही. संगणक लॅन केबलने थेट राउटरला जोडावा. तारेवर चालले आणि वायफायवर नाही, तर दोष वायफायचा. वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतींतून दूरवर जाते, पण शेजाऱ्यांच्या राउटरच्या गर्दीत अडकते. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात काम करतो. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान असते, मात्र एक-दोन जाड भिंतींत दमते. २.४ वर १, ६ आणि ११ हेच तीन चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत, तेव्हा त्यांतला कमी गर्दीचा निवडावा.

तारेलाही एक छुपा आजार असतो. लॅन केबलमध्ये आठ बारीक तारा, म्हणजे चार जोड्या असतात. शंभर एमबीपीएससाठी दोन जोड्या पुरतात, एक गिगाबिटला चारही लागतात. एखादी तार आत तुटली तर नेट बंद पडत नाही, ते निमूटपणे शंभरवर उतरते. तीनशेचा प्लॅन घेऊन वेग कायम नव्वद-पंच्याण्णवच्या घरात अडकत असेल तर कंपनीशी भांडण्याआधी केबल बदलून पाहावी. वेग मोजताना आणखी एक हिशेब लक्षात ठेवावा: प्लॅनचा आकडा मेगाबिटमध्ये असतो आणि डाउनलोडचा बहुधा मेगाबाइटमध्ये. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणून शंभरच्या प्लॅनवर फाइल सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच्या वेगाने उतरणे हा पूर्ण वेग झाला.

पत्त्यांची टंचाई

आता मुख्य साक्षीदाराकडे वळू. इंटरनेटवर बोलणाऱ्या प्रत्येक यंत्राला क्रमांक लागतो. १९८१ साली ठरलेल्या आयपीव्ही४ पद्धतीत हा क्रमांक ३२ बिटांचा आहे, म्हणजे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. अमेरिकेतली काही विद्यापीठे, लष्करी केंद्रे आणि प्रयोगशाळा जोडण्यासाठी हा साठा अफाट होता. भारतात विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा हा साठा पुरणार नाही हे जाणकारांना कळून चुकले होते. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जागतिक साठ्यातले शेवटचे गट वाटून संपले, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिक विभागाची नोंदणी संस्था शेवटच्या राखीव गटावर आली.

टंचाईवरचा तोडगा त्याआधीच निघाला होता. १९९६ साली तीन पट्टे खाजगी वापरासाठी कायमचे राखून ठेवले गेले: १० ने सुरू होणारे सगळे पत्ते, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८. हे पत्ते कोणीही आपल्या घरात वापरावेत, बाहेरच्या इंटरनेटवर ते चालत नाहीत. गृहनिर्माण सोसायटीत जसे टपालाचा पत्ता एक आणि आत फ्लॅटचे क्रमांक अनेक, तसे हे आहे. बाहेरच्या जगाला राउटरचा एकच पत्ता दिसतो. आतल्या कोणत्या यंत्राने काय मागवले याची वही राउटर ठेवतो आणि आलेले उत्तर त्या यंत्राकडे पोहोचवतो. या पद्धतीला नॅट म्हणतात. ‘बंद करून चालू करा’ने जे कोरे होते, त्यात ही वहीही असते.

पत्ता वाचायचा कसा

विंडोजमध्ये स्टार्टवर ‘सीएमडी’ टाइप करून काळी खिडकी उघडावी आणि ‘आयपीकॉन्फिग’ हा आदेश इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता द्यावा. भराभर ओळी येतात. त्यांतल्या दोनच महत्त्वाच्या: आयपीव्ही४ ॲड्रेस आणि डीफॉल्ट गेटवे. पहिला आपल्या संगणकाचा क्रमांक, दुसरा राउटरचा.

पत्ता १९२.१६८ ने किंवा १० ने सुरू होत असेल आणि गेटवेची ओळ भरलेली असेल, तर संगणक आणि राउटर यांची बोलणी झाली आहेत. यापलीकडे हा पत्ता काही सिद्ध करत नाही. बाहेर नेट नसतानाही घरचा राउटर हा पत्ता देतच राहतो, हे फार थोड्यांच्या लक्षात येते.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर निदान जवळजवळ झालेच. हा पत्ता राउटरने दिलेला नाही. संगणकाने पत्ता मागितला, उत्तर आले नाही, म्हणून त्याने स्वतःच एक क्रमांक घेतला. विंडोज ९८ पासून ही सोय आहे. तिच्यामुळे दोन संगणक आपसांत बोलू शकतात, पण इंटरनेट मिळत नाही. हा आकडा दिसला की बाहेरच्या लाइनचा विचार सोडावा. बिघाड राउटर आणि संगणक यांच्या मधला आहे.

‘मीडिया डिस्कनेक्टेड’ एवढेच दिसले तर पत्त्याचा प्रश्नच आलेला नाही. तार निघाली आहे किंवा वायफाय जोडलेले नाही.

पत्ता मिळण्याची रीत कळली की १६९.२५४ चे कारणही कळते. डीएचसीपी नावाच्या या व्यवहारात चार निरोप असतात. संगणक सगळ्यांना ऐकू जाईल असा पुकारा करतो: पत्ता देणारे कोणी आहे का? राउटर एक क्रमांक देऊ करतो. संगणक म्हणतो, हाच हवा. राउटर दुजोरा देतो आणि मुदत ठरवतो. हा पत्ता कायमचा नसतो, ठरावीक काळासाठी भाड्याने असतो. निम्मी मुदत उलटली की संगणक नूतनीकरण मागू लागतो. राउटरमधली ही सेवा अडकली असेल, वायफायचा संकेत नावापुरताच असेल, सुरक्षेच्या सॉफ्टवेअरने पुकारा अडवला असेल, तर चार निरोपांपैकी एखादा हरवतो. ठरावीक तासांनी नेट जाऊन आपोआप येत असेल तर नूतनीकरणाच्या व्यवहारावर संशय घ्यावा.

उपाय त्याच काळ्या खिडकीत आहे. ‘आयपीकॉन्फिग’पुढे ‘/रिलीज’ दिले की जुना पत्ता सुटतो, ‘/रीन्यू’ दिले की नवा मागितला जातो. नव्या मागणीला उत्तर आले तर काम झाले. पुन्हा १६९.२५४ आले, तर आता राउटर बंद-चालू करण्यात अर्थ आहे, कारण आता ते का करतो आहोत हे माहीत आहे.

दुसरा नेहमीचा घोटाळा म्हणजे एकाच पत्त्यावर दोन यंत्रे. सीसीटीव्ही बसवणारा तंत्रज्ञ रेकॉर्डरला हाताने एक कायमचा क्रमांक देऊन जातो. राउटरला त्याची खबर नसते. महिन्याभराने तोच क्रमांक तो एखाद्या लॅपटॉपला देतो. मग लॅपटॉप सुरू असला की कॅमेरे दिसेनासे होतात, आणि कॅमेरे दिसू लागले की लॅपटॉपचे नेट अडखळते. बिघाड येतो-जातो, म्हणून सापडत नाही. कायमचा पत्ता हवाच असेल तर यंत्रात न भरता राउटरमध्ये त्या यंत्राच्या मॅक क्रमांकासमोर तो राखून ठेवावा. नोंद एकाच ठिकाणी राहते आणि टक्कर होत नाही.

दोन राउटरचे घर

आतल्या खोलीत वायफाय पोहोचत नाही म्हणून कपाटातला जुना राउटर काढून तिथे लावणे, हा मध्यमवर्गीय घरातला रास्त आणि काटकसरी उपाय. त्यातून उद्भवणारा बिघाड मात्र भल्याभल्यांना चकवतो, म्हणून तो जवळून पाहू.

मुख्य राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे. जुना राउटरही, जुन्या घरातल्या मांडणीनुसार, १९२.१६८.०.१ या नावाने पत्ते वाटायला तयार आहे. दोघांना जोडणारी केबल जुन्या राउटरच्या वॅन या वेगळ्या रंगाच्या तोंडात न खोचता लॅनच्या तोंडात खोचली गेली. आता घरात पत्ते वाटणारे दोन झाले. संगणकाने पुकारा केला की जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता लागतो. मुख्य राउटरने दिला तर नेट चालते. जुन्याने दिला तर पत्ता दिसायला निर्दोष, १९२.१६८ चाच, गेटवेही भरलेला. फक्त तो गेटवे स्वतः बाहेर कुठेच जोडलेला नाही. सकाळी फोन चालतो आणि टीव्ही नाही, संध्याकाळी टीव्ही चालतो आणि लॅपटॉप नाही.

इथे गेटवेची ओळ कामी येते. चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या उपकरणांवर ती वेगवेगळी दिसली की चोर सापडला. उपाय असा: जुन्या राउटरमधली डीएचसीपी सेवा बंद करावी आणि त्याला मुख्य राउटरच्या पट्ट्यातला, वाटपात नसलेला एक पत्ता द्यावा. नव्या राउटरमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ निवडला की हे सगळे एका बटणात होते.

नावांचा शोध

पत्ता ठीक, गेटवे ठीक, तरी पान उघडत नाही. आता ‘पिंग’ हा आदेश वापरायचा. १९८३च्या डिसेंबरमध्ये माइक मूस या अमेरिकी प्रोग्रॅमरने लिहिलेला हा छोटा प्रोग्रॅम पलीकडच्या यंत्राला हाक मारतो आणि ओ येते का, किती मिलिसेकंदांत येते, ते सांगतो. आधी गेटवेला पिंग करावे. मग ८.८.८.८ या गूगलच्या सार्वजनिक सर्व्हरला. मग एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. गेटवेचीच ओ आली नाही तर दोष घरात. गेटवेची आली, ८.८.८.८ची नाही, तर बहुधा दोष बाहेर. दोन्हींची आली आणि नावाला मात्र ‘असा होस्ट सापडत नाही’ अशा अर्थाचे उत्तर आले, तर डीएनएस बंद आहे.

माणसे नावे लक्षात ठेवतात, यंत्रे क्रमांक. या दोहोंची सांगड घालणारी डीएनएस ही पद्धत पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. घरच्या जोडणीत बहुधा कंपनीचाच डीएनएस सर्व्हर वापरला जातो. तो बंद पडला की इंटरनेट चालू असून बंद असल्यासारखे होते. अशा वेळी ८.८.८.८ किंवा २०१८ साली सुरू झालेला क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ हा सर्व्हर भरला की काम होते. पण ‘डीएनएस बदला, वेग दुप्पट होईल’ हा प्रचार फोल आहे. नाव शोधण्याचा क्षण थोडा घटेल, तारेची रुंदी वाढणार नाही.

या खात्यात कोणी परका शिरला तर काय होते, हे ‘डीएनएसचेंजर’ प्रकरणात दिसले. या घातक प्रोग्रॅमने जगभरातल्या चाळीस लाखांहून अधिक संगणकांचे डीएनएस बदलून त्यांना भामट्यांच्या सर्व्हरकडे वळवले होते. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने टोळी पकडली. पण ते सर्व्हर एकदम बंद केले असते तर त्यांवर विसंबलेल्या लाखो घरांचे नेट गेले असते, म्हणून न्यायालयाच्या परवानगीने त्यांच्या जागी स्वच्छ सर्व्हर ९ जुलै २०१२ पर्यंत चालवले गेले. तात्पर्य इतकेच की सेटिंगमधला डीएनएस अनोळखी असेल तर तो कोणी भरला ते विचारावे, आणि राउटरचा ‘ॲडमिन-ॲडमिन’ हा पासवर्ड आजच बदलावा.

दोष संगणकाचाच

फोन चालतो, संगणक नाही, पत्ता ठीक, पिंगही ठीक. आता संगणकाच्या पोटात शिरायचे. जुन्या डेस्कटॉपवर प्रत्येक पान ‘ही जोडणी सुरक्षित नाही’ म्हणत असेल तर आधी उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहावी. मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी संपली की वीज जाताच घड्याळ जुन्या तारखेवर जाते. संकेतस्थळांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांना मुदत असते, आणि चुकीच्या तारखेच्या हिशेबाने ती सगळी अवैध ठरतात. स्वस्तातली बॅटरी बदलली की ‘इंटरनेटचा बिघाड’ दुरुस्त.

त्यानंतरचे संशयित: कार्यालयासाठी भरलेला आणि काढायचा राहिलेला प्रॉक्सी, अर्धवट काढून टाकलेला व्हीपीएन, मुदत संपलेला अँटिव्हायरस. विंडोजच्या कोपऱ्यातला ‘इंटरनेट नाही’ हा गोलाही आंधळेपणाने मानू नये. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या एका ठरावीक पत्त्यावरून छोटा मजकूर मागवून जोडणी तपासते. तेवढाच पत्ता अडला तरी गोला नाही म्हणतो आणि नेट मात्र चालू असते.

‘नेटवर्क रीसेट’ हे विंडोजचे शेवटचे अस्त्र. ते नेटवर्कची सगळी मांडणी मुळापासून नवी करते, पण वायफायचे साठवलेले पासवर्ड आणि व्हीपीएनही घालवते. ते शेवटीच वापरावे.

कंपनीच्या दाराशी

राउटरच्या सेटिंगमध्ये ‘वॅन’ किंवा ‘इंटरनेट’ या पानावर बाहेरचा पत्ता दिसतो. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर कंपनीने आपल्याला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता दिलेलाच नाही. एप्रिल २०१२ मध्ये हा पट्टा खास कंपन्यांच्या मोठ्या नॅटसाठी राखला गेला. काही कंपन्या त्यासाठी १० चा पट्टाही वापरतात. अनेक घरे मिळून एकच पत्ता वापरतात. साध्या वापराला याने काही बिघडत नाही. पण बाहेरगावाहून घरचा कॅमेरा थेट पाहायचा असेल किंवा घरात सर्व्हर चालवायचा असेल तर राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, हाक आतपर्यंत येत नाही. अशा वेळी सेटिंगशी झुंजण्यापेक्षा कंपनीकडे स्थिर सार्वजनिक पत्ता मागावा. त्याला बहुधा वेगळे पैसे पडतात.

खरा तोडगा आयपीव्ही६. त्यात पत्ता १२८ बिटांचा, म्हणजे टंचाईचा प्रश्नच मिटतो. या बाबतीत भारत मागे नाही. २०१६ साली आलेल्या जिओने सुरुवातीपासून आयपीव्ही६ वापरले, आणि त्याच्या वापरात भारत आज जगात आघाडीच्या देशांत गणला जातो. तरीही जुनी उपकरणे आणि जुनी संकेतस्थळे असेपर्यंत दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदणार आहेत. ग्राहकाने आयपीव्ही६ बंद करण्याचा सल्ला सरसकट मानू नये. तात्पुरते बंद करून काही संकेतस्थळांचा अडथळा दूर झाला, तर ती कंपनीकडे करायची तक्रार आहे.

तक्रार आणि तोतये

निदान बाहेरच्या लाइनवर येऊन थांबले की तक्रार करावी आणि ती मोघम नसावी. ‘नेट स्लो आहे’ याला ‘राउटर रीस्टार्ट करा’ हेच उत्तर मिळते. ‘लॉस लाल आहे, सकाळी नऊपासून’ किंवा ‘गेटवेला पिंग होते, ८.८.८.८ ला होत नाही, तारेवर तपासले आहे’ असे सांगितले की बोलणे पुढच्या पायरीवर जाते. तक्रारीचा डॉकेट क्रमांक लिहून घ्यावा. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनुसार तक्रार केंद्रात निवारण झाले नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते, आणि तिथे हा क्रमांक लागतो. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, हेही ध्यानात असावे. या व्यवस्थेची उणीव उघड आहे: कंपनीविरुद्धचे अपीलही कंपनीच ऐकते. म्हणूनच ग्राहकाच्या हाती पुरावा असणे अधिक गरजेचे.

कंपनीचा नंबर बिलावरून किंवा तिच्या ॲपमधून घ्यावा, गूगलवर शोधून नव्हे. ग्राहकसेवेच्या नावाने पेरलेले खोटे नंबर हा आता धंदा झाला आहे. पलीकडचा माणूस ‘तपासून देतो’ म्हणत दुरून संगणक चालवण्याचे ॲप उतरवायला सांगतो आणि बँकेच्या खात्यापर्यंत पोहोचतो. अशा ॲपच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. लाइन दुरुस्त करायला कोणालाही ओटीपी लागत नाही. फसगत झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

घरच्या बहुतेक बिघाडांना तंत्रज्ञ लागत नाही. दिवे, मग तार, मग पत्ता, मग गेटवे, मग नाव, या क्रमाने पाहिले की दोष कोणाच्या हद्दीत आहे हे दहा मिनिटांत कळते. उरतात ते फायबर तुटण्यासारखे कंपनीचे दोष, आणि त्यांसाठी घरात कितीही बटणे दाबली तरी उपयोग नसतो. तेव्हा एक काम आज, नेट चालू असतानाच करा. ‘आयपीकॉन्फिग /ऑल’चा आणि राउटरच्या वॅन पानाचा फोटो काढून ठेवा. ग्राहक क्रमांक, प्लॅनची मुदत आणि तक्रारीचा खरा नंबर एका कागदावर लिहून तो राउटरजवळ चिकटवा. राउटरचे पासवर्ड मात्र तिथे नकोत, ते वहीत आत ठेवा. नेट गेल्यावर हे शोधायला नेटच लागते.